अथेन्सनंतरच्या बोलंडांचं काय? आयर्लंडच्या क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, आयर्लंड
स.न.वि.वि.

पत्र मराठीत आहे, भाषांतर करून घ्यावं लागेल. आयरिश भाषेची बाजू घेणाऱ्या माणसाबद्दल आहे, तेव्हा एवढा त्रास सोसालच.

डब्लिनमधल्या ग्रँड कॅनॉल डॉकला नोकरीला येणारे आम्ही आयटीवाले रोज बोलंड मिलवरून जातो. १९१६च्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावात पुढे आयर्लंडचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झालेल्या डी व्हॅलेरांची तुकडी बोलंडांच्या बेकरीत ठाण मांडून होती, हे इथे कुणीही सांगेल. त्याच बेकरीवाल्यांच्या घरातले जॉन पायस बोलंड १८९६ साली टेनिसचे पहिले ऑलिंपिक विजेते झाले, हे मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं.

सांगितलंच तर गंमत म्हणून. ऑक्सफर्डला शिकणारा मुलगा ग्रीक मित्राच्या बोलावण्यावरून अथेन्सला गेला आणि एकेरी जिंकून बसला. ज्या जर्मन खेळाडूला, ट्राऊनला, पहिल्याच फेरीत घरी धाडलं, त्याच्याच जोडीने दुहेरीही मारली. युनियन जॅक चढताच बोलंडांनी आयर्लंडचा हिरवा झेंडा मागितला म्हणे. खरंखोटं देव जाणे. एकेरीचं पदक आजही ब्रिटनच्या खात्यावर आहे. त्यावर मी भांडत नाही. आमच्याकडेही १९००च्या ऑलिंपिकमधल्या नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यपदकं भारताची की ब्रिटनची, हा घोळ संपलेला नाही.

माझी तक्रार पुढच्या आयुष्याबद्दल आहे. १९०० ते १९१८ बोलंड ब्रिटिश संसदेत साउथ केरीचे खासदार होते, आयर्लंडसाठी स्वराज्य मागणाऱ्या आयरिश पार्लमेंटरी पक्षाचे व्हिपही (प्रतोद). प्रोटेस्टंट परंपरेच्या ट्रिनिटी कॉलेजात पोरांना घालायला कॅथलिक घरं कचरत, त्या काळात १९०८ला नॅशनल युनिव्हर्सिटी उभी राहिली. त्या कामात बोलंड होते. मग १९१८ची निवडणूक आली. बोलंड उभेच राहिले नाहीत, आणि त्यांचा पक्ष आयर्लंडमध्ये सहा जागांवर आला. स्वातंत्र्य दुसऱ्यांनी मिळवलं, वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, घसा कोरडा करणारे अडगळीत गेले. बोलंड विसरले गेले ते टेनिसमुळे नव्हे, यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची मुलगी ऑनर मात्र १९४५ला त्याच साउथ केरीतून डॉलवर, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या संसदेवर, निवडून आली. मतदार इतके विसरभोळे नसावेत!

विनंती एवढीच. शाळांमध्ये ऑलिंपिकची माहिती जाईल, तेव्हा अथेन्सबरोबर केरीची अठरा वर्षंही जाऊ द्या. आणि तो मजकूर एखाद्या क्रीडा पत्रकाराऐवजी संसदेतल्या चर्चांचे जुने खंड उपसणाऱ्याकडून लिहून घ्या.

आपला,
डब्लिनमधला एक मराठी रहिवासी