बेपत्ता विमानाचा निकाल घरबसल्या लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मलेशियाच्या 'एमएच ३७०' या बेपत्ता विमानावर पानभर मजकूर आला. यूट्यूबवरच्या एका व्हिडिओच्या आधारे विमान नेमके कुठे बुडाले आणि कुणी बुडवले, हे त्यात छातीठोकपणे सांगितले होते. 'अखेर रहस्य उलगडले' असा मथळा होता आणि खाली कप्तानाचा फोटो. हे वाचून मला फार वाईट वाटले, रागही आला. मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. उपग्रह संपर्क आणि शॉर्टवेव्ह, दोन्हींवर माझी नोकरी गेली. त्या मजकुरातला बराचसा भाग याच दोन विषयांवर होता, म्हणून हे पत्र.

८ मार्च २०१४च्या मध्यरात्रीनंतर, १२ वाजून ४२ मिनिटांनी, हे बोइंग ७७७ क्वालालंपूरहून बीजिंगला निघाले. आत २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. प्रवाशांत पाच भारतीय नागरिक होते आणि त्यांत मराठी घरांतलीही माणसे होती. त्यांचे नातलग आपल्याच राज्यात राहतात, मराठी वृत्तपत्रे वाचतात, त्यांच्याही मोबाइलवर हे फॉरवर्ड येऊन पडतात. पान लावताना हे कुणाच्या ध्यानात आले होते का?

या विमानाबाबत अटकळींना पहिल्या दिवसापासूनच ऊत आला. १ वाजून १९ मिनिटांनी कॉकपिटमधून शेवटचा निरोप आला, दोन मिनिटांत ट्रान्सपाँडरची, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्राची, खूण रडारवरून गेली आणि थायलंडच्या आखाताजवळ शोध सुरू झाला. उपग्रहाची छायाचित्रे एका संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली झाली आणि जगभरातले लाखो लोक घरी बसून समुद्राचा एकेक चौकोन तपासू लागले. त्यांच्या मनात मदतीचीच भावना होती, याबद्दल मला शंका नाही. पण समुद्राच्या छायाचित्रात फेस, होडी, वाहून आलेला कंटेनर, ढगाचा पुंजका, सगळेच पांढरे ठिपके दिसतात. एका अमेरिकन गायिकेने तर अशा ठिपक्यांभोवती बाण काढून 'हे विमान, हा तेलाचा तवंग' असे जाहीर केले. विमान तोवर त्या समुद्रापासून हजारो किलोमीटर दूर गेले होते.

त्याच आठवड्यात दोन इराणी तरुणांचे काय झाले, ते आज फार कमी लोकांना आठवते. ते चोरीच्या युरोपीय पासपोर्टवर प्रवास करत होते. बातमी फुटताच ते अतिरेकी ठरले. पोलिसांनी त्यांचे फोटो दाखवले, तर दोन्ही फोटोंत पाय एकसारखेच दिसत होते. लगेच 'फोटो बनावट, सरकार काहीतरी लपवते आहे' असा गलका झाला. खरे कारण साधे होते: झेरॉक्स काढताना एक कागद दुसऱ्यावर आला होता. त्या दोघांतला एक जण एकोणीस वर्षांचा होता. तो जर्मनीत आसरा मागायला निघाला होता आणि त्याची आई तिथे त्याची वाट पाहत होती. मुलगा परत येणार नाही, हे त्या बाईला कळण्याआधी जगाने त्याला बॉम्बवाला करून टाकले होते. काही दिवसांत इंटरपोलने आणि मलेशियाच्या पोलिसांनी दहशतवादाचा संबंध दिसत नसल्याचे सांगितले. तोपर्यंत सगळे पुढच्या संशयिताकडे वळले होते. त्या आईची माफी कुणी मागितली नाही.

पुढे विमानातल्या साडेचार टन मँगोस्टीन फळांवरही संशय गेला, लिथियम बॅटऱ्यांवर गेला, हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी तळावर गेला. ते सगळे इथे उगाळत बसत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. विमान रडारवरून गेले, तरी त्याच्यातले उपग्रह संपर्काचे यंत्र सकाळी ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत अधूनमधून जागे होते. हा संपर्क पुरवणाऱ्या इन्मारसॅट या कंपनीची सेवा मुळात जहाजांसाठीच उभी राहिली, त्यामुळे तिची रीत मला ठाऊक आहे. बराच वेळ काही बोलणे झाले नाही, की जमिनीवरचे केंद्र यंत्राला 'आहेस का?' असे विचारते आणि यंत्र 'आहे' म्हणते. त्या उत्तरात ठावठिकाणा नसतो. पण उत्तर यायला किती वेळ लागला, यावरून उपग्रहापासूनचे अंतर निघते. अंतर कळले तरी दिशा कळत नाही, म्हणून नकाशावर बिंदू मिळत नाही, नुसता कंस, म्हणजे वर्तुळाचा तुकडा मिळतो. असे सात कंस मिळाले.

विमान उत्तरेला, मध्य आशियाकडे गेले की दक्षिणेला, हा त्यानंतरचा प्रश्न होता. तो ज्या पद्धतीने सुटला ती मला आजही थक्क करते. हा उपग्रह जुना झालेला, त्याची कक्षा थोडी कललेली, त्यामुळे तो विषुववृत्ताच्या वर-खाली हलत असे. विमानातले यंत्र मात्र तो जागच्या जागी आहे असे धरून आपली वारंवारता जुळवून घेत होते. या दोहोंत जो किंचित फरक उरला, त्याचा मेळ दक्षिणेच्या मार्गाशी बसला, उत्तरेच्या मार्गाशी बसेना. इन्मारसॅटच्या अभियंत्यांनी इतर विमानांच्या नोंदी घेऊन ही रीत पडताळून पाहिली आणि मगच निष्कर्ष दिला. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे जाहीर केले.

पण सातव्या कंसावर नेमके कुठे? ते विमानाच्या वेगावर, उंचीवर आणि शेवटच्या तासांत सुकाणू कुणाच्या हाती होते यावर अवलंबून आहे, आणि यातले काहीच खात्रीने माहीत नाही. म्हणून प्रामाणिक उत्तर एका लांबलचक पट्ट्याचे असते. अक्षांश-रेखांश दशांशापर्यंत देणाऱ्याकडे एक तर जास्तीची माहिती असली पाहिजे, नाही तर तो ती गृहीत धरतो आहे. आपल्या पुरवणीने 'अचूक ठिकाण' म्हणून जे छापले, ते हौशी रेडिओवाल्यांच्या 'विस्पर' नावाच्या क्षीण संदेशांच्या जुन्या नोंदींवरून काढलेले होते. दोन केंद्रांमधला संदेश किंचित कमीजास्त झाला, की त्या वाटेवरून तेव्हा विमान गेले असणार, असा तो तर्क. शॉर्टवेव्हवर ज्याने रात्रपाळी केली आहे त्याला विचारा. रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर, आयनांबर, क्षणाक्षणाला बदलतो. समोरचे स्टेशन खणखणीत ऐकू येत असताना अर्ध्या मिनिटात बुडते आणि पुन्हा वर येते, वाटेत एकही विमान नसताना. हजारो किलोमीटरच्या वाटेवर एका विमानाने परतवलेला अंश या चढउतारातून वेगळा काढणे मला अशक्य वाटते. 'विस्पर' ज्यांनी घडवले, त्या नोबेल विजेत्या जो टेलर यांनीही या नोंदींवरून विमानाचा माग काढता येईल ही कल्पना फेटाळली आहे. आपल्या मजकुरात टेलर यांचे नावसुद्धा नव्हते.

मी हौशी अभ्यासकांच्या विरोधात नाही. मे २०१४ मध्ये नातलगांच्या रेट्यामुळे इन्मारसॅटची कच्ची आकडेवारी जाहीर झाली आणि निरनिराळ्या देशांतल्या काही अभियंत्यांनी व गणितज्ञांनी पदरमोड करून ती तपासली. ही माणसे आपले गणित सगळ्यांसमोर ठेवत, चूक दाखवली तर दुरुस्त करत आणि अंदाजाला अंदाजच म्हणत. ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत शोधपथकानेही त्यांच्या कामाची दखल घेतली. मोझांबिकच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये 'नो स्टेप' अशी अक्षरे असलेला विमानाच्या शेपटाचा त्रिकोणी तुकडा सापडला, तोही स्वतःच्या खर्चाने किनारे धुंडाळणाऱ्या एका माणसालाच. त्याआधी जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा भाग मिळाला होता. तो पाहिला किनारा साफ करणाऱ्या कामगारांनी. त्यावर बार्नेकल जातीचे कवच असलेले समुद्री जीव चिकटले होते. शास्त्रज्ञांनी त्यांच्या कवचांवरून तो तुकडा कोणत्या तापमानाच्या पाण्यातून वाहत आला, याचा अदमास घेतला. ही सगळी माणसे पुराव्यामागे चालली. पुरवणीतल्या व्हिडिओवाल्याने आधी गुन्हेगार ठरवला आणि मग विमान त्याच्या सोयीच्या जागी नेऊन बुडवले.

मलेशिया सरकारलाही मी मोकळे सोडणार नाही. विमान मागे वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे गेल्याचे लष्करी रडारवर दिसले होते, ते ठामपणे सांगायला त्यांनी आठवडा घालवला. कॉकपिटमधले शेवटचे शब्दही आधी एक सांगितले आणि मग बदलले. जिथे अधिकारी गप्प बसतात, तिथे अफवा वाढणारच. २०१८च्या अधिकृत अहवालात विमान हाताने वळवले गेले असावे, तिसऱ्या कुणाचा हस्तक्षेप नाकारता येत नाही आणि कारण निश्चित करता आले नाही, असे म्हटले आहे. कप्तानाच्या घरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाच्या सरावाच्या संगणकावर, दक्षिण हिंदी महासागरातले काही बिंदू सापडले, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवू नये. त्याच्या वागण्यात खटकण्यासारखे काही आढळले नाही, हेही त्याच अहवालात आहे. आपण पहिली गोष्ट ठळक छापलीत आणि दुसरी गाळलीत. तो माणूस उत्तर द्यायला येऊ शकत नाही. त्याची बायकामुले आहेत.

हीच घाई आपण अहमदाबादच्या अपघातानंतर पाहिली. १२ जुलै २०२५ रोजी प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे स्विच बंद झाल्याची आणि दोन वैमानिकांमधल्या प्रश्नोत्तराची नोंद त्यात होती, पण कुणी कुणाला विचारले ते दिले नव्हते. संध्याकाळपर्यंत व्हिडिओवाल्यांनी एकाला दोषी धरून निकालही दिला.

समुद्र उत्तर देतो, पण त्याला वेळ लागतो. २००९ मध्ये अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचे समुद्रतळावरचे मुख्य अवशेष सापडायला जवळजवळ दोन वर्षे लागली. वीज पडली, बॉम्ब होता, असे काय काय तोवर बोलले गेले. उड्डाणाची नोंद ठेवणारे रेकॉर्डर (ब्लॅक बॉक्स) वर आले तेव्हा वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ जमल्याचे आणि त्यानंतर विमान स्टॉलमध्ये गेल्याचे, म्हणजे पंखांची उचल संपून कोसळल्याचे, कळले. आपल्या हवाई दलाचे एएन-३२ जुलै २०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह बेपत्ता झाले. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये दिसले, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोल पाण्यात. समुद्रतळावर स्वयंचलित यान सोडून काढलेल्या छायाचित्रांतून ते ओळखले गेले. साडेसात वर्षे ती घरे वाट पाहत होती.

'एमएच ३७०'बाबत मराठी वाचकाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. रेकॉर्डरच्या पाण्याखालील ध्वनिसंकेताची बॅटरी तेव्हा जेमतेम तीस दिवस चाले, आणि या विमानातल्या एका यंत्राच्या बॅटरीची मुदत २०१२ मध्येच संपलेली होती. त्यानंतर नव्वद दिवसांचा नियम आला, समुद्रावरच्या विमानाची जागा दर पंधरा मिनिटांनी कळावी असाही दंडक आला. हे बदल कुठल्या विमानांत झाले, कुठे राहिले, याचा आपल्या वार्ताहराने पाठपुरावा केला तर पान सार्थकी लागेल. २०१७ मध्ये १ लाख २० हजार चौरस किलोमीटरचा शोध थांबला. मार्च २०२५ मध्ये मलेशियाने ओशन इन्फिनिटी या कंपनीशी आणखी १५ हजार चौरस किलोमीटरसाठी करार केला: सापडले तर ७ कोटी डॉलर, नाही तर काहीच नाही. नातलगांना हा शोध हवा आहे, आणि त्यांचे म्हणणे छापायला हवे.

माझी मागणी अशी आहे. पुरवणीतल्या त्या मजकुराचा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावा आणि त्यात टेलर यांचे मत व २०१८च्या अहवालातला गाळलेला भाग द्यावा. यापुढे विमान सापडल्याचा दावा छापताना तो कुणी तपासला, हे मजकुरातच असावे. कुणीच तपासला नसेल, तर तसे मथळ्याखाली लिहावे. मृत व्यक्तीला कारण सिद्ध होण्याआधी खुनी म्हणू नये. रेडिओ आणि उपग्रहासंबंधीचा कोणताही मजकूर छपाईपूर्वी पाठवलात, तर मी तो त्याच दिवशी वाचून परत देईन. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
निवृत्त रेडिओ ऑफिसर, रत्नागिरी