डोंबिवलीचा आकडा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पेपर वाचायची बंदी, त्यामुळे बाबा घरभर येरझाऱ्या घालतात असं आई फोनवर म्हणाली. म्हणून एक आकडा पाठवतेय, आईकडून वाचून घ्या: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी आहे. उलटा वाचला तरी तोच.

हा १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांचा वर्ग. कॅल्क्युलेटर काढू नका, त्याच्या पट्टीत सतरा अंक मावत नाहीत. आईला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शाळेतल्यासारखा गुणाकार मांडायला सांगा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या घरात एक, मग दोन, तीन, मधोमध नऊ आणि पुन्हा उतरत एक. हातचा कुठेच येत नाही.

आई, ही तुझी दिवाळीची रांगोळी! मधली ओळ नऊ ठिपक्यांची, वर-खाली कमी करत एकावर. एकूण ठिपके ८१, आणि या आकड्यातल्या अंकांची बेरीजही ८१च.

बाबा कॅशियर, ते लगेच नवाचा ताळा बघतील, म्हणजे अंकांची बेरीज करून. पण ताळ्याने फक्त ९ ने भाग जातो एवढंच कळतं. इथे ८१ नेही जातो, कारण नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने भाग जातो आणि त्याच्या वर्गाला ८१ ने. जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, अशा संख्येला गणितज्ञ कापरेकरांनी नाव दिलं हर्षद संख्या. (१११११११११ चे ९ नंतरचे अवयव ३७ आणि ३३३६६७. दुसरा मूळ संख्या आहे की नाही ते मी कॉम्प्युटरवर पाहिलं, रागावू नका.)

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. अशा नुसत्या एकांच्या वर्गांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरचं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरचं स्टेशन, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. आणि हे डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! बाबा, तुम्ही एकतीस वर्षं त्याच स्टेशनात ८.१४ ची वाट बघत उभे राहिलात. तुम्हाला तिथे काय सुचायचं? डबा विसरल्याचं, असं आई म्हणेल.

आता दहा एकांचा वर्ग करा. या वेळी मधे हातचा येतो, रांगोळी विस्कटते आणि डावीकडचा आठ गायब होतो. तो कुठे गेला ते रविवारी फोनवर सांगा. आईने आधी शोधला तर तिला सांगू द्या, मधे बोलू नका.

थेंब दिवसातून चार वेळा.

तुमची,
मनी