क्रेन ट्रकची बूम खाली का बसते?

पुणे, रविवार

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. मोटर थांबली की तुझ्या लेगो टेक्निकच्या क्रेन ट्रकची बूम, म्हणजे वजन उचलणारा लांब हात, हळूहळू खाली बसते म्हणतोस. मोटर बदलू नकोस, खोट गिअरमध्ये आहे. ८ दात्यांच्या गिअरने २४ चा गिअर फिरवलास, तर जोर तिप्पट होतो खरा, पण हुकाला लटकलेलं वजन गिअरची सगळी साखळी उलटी फिरवू शकतं. तिथे वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, बसव. वर्मच्या एका फेऱ्याला समोरचा गिअर एकच दाता सरकतो, म्हणजे २४ फेऱ्यांना त्याचा एक फेरा. शिवाय ओझ्याने वर्म उलटा फिरत नाही. बूम जिथे सोडशील तिथेच थांबेल.

पण वर्मला घर पक्कं हवं, यात कंजुषी करू नकोस. तो आपल्याच अ‍ॅक्सलवर (दांड्यावर) पुढे-मागे सरकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी बुश (दांड्यावर बसणारी छोटी कडी) लावून त्याला अडव. २४ चा गिअर त्याच्यापासून बीमवरच्या (भोकांच्या पट्टीवरच्या) बरोबर दोन भोकांवर, म्हणजे १६ मिमीवर येतो. ताण पडला की तो बाहेर ढकलला जातो. ‘कट-कट’ आवाज आला, तर चौकट फाकतेय आणि दाते एकमेकांवरून घसरताहेत असं समज. तेव्हा लगेच मोटर बंद कर, नाहीतर दाते झिजतील. गिअरच्या दोन्ही बाजूंना बीम घे आणि ते आडव्या बीमने बांधून टाक. बुश मात्र करकचून दाबू नकोस, कागदाएवढी फट ठेव. मोटर जोडण्याआधी अ‍ॅक्सल चिमटीत धरून फिरवून बघ. बोटाला जड गेला, तर मोटरलाही जड जाणार.

२४ दात्यांचा पांढरा क्लच गिअर मिळाला तर वर्मच्या आधी, मोटरच्या बाजूला लाव. बूम वर टेकली की तो घसरतो आणि मोटर वाचते. वर्मनंतर लावलास तर साध्या वजनालाच घसरत बसेल.

बूमसाठी १५ भोकांचे दोन बीम ५ भोकं एकमेकांवर चढवून जोड, २५ भोकांची, म्हणजे २० सेंमीची लांबी मिळते. पिना त्या पाचातल्या पहिल्या आणि शेवटच्या भोकात घाल. शेजारीशेजारी घातल्यास तर सांधा लवतो. दोरा तुळशीबागेतला क्रोशाचा घे, शिवायचा पिळतो. हुकावर एक कप्पी घालून दोरा दुहेरी केलास की ओढ निम्मी होते, वेगही निम्मा होतो.

बॅटरीचा डबा ट्रकच्या चासीत ठेवू नकोस, वायर टर्नटेबलमधून (बूम ज्यावर गोल फिरते त्या चकतीतून) पिळत जाते. डबा आणि मोटर दोन्ही टर्नटेबलवर, बूमच्या मागे ठेव. सहा पेन्सिल सेलचं वजनच सव्वाशे ग्रॅमच्या वर भरतं, तेच बूमला तोलून धरेल. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे सहांचे ७.२, नव्या अल्कलाइनचे ९. त्यामुळे चार्जिंगच्या सेलवर क्रेन सावकाश चालली तर घाबरू नकोस.

आणि पाय! मेट्रोच्या कामावरची क्रेन बघ, पाय पसरून टेकवल्याशिवाय बूम हलवत नाहीत. तुझ्या ट्रकलाही चाकं जमिनीवरून उचलली जातील एवढे लांब पाय दे. बूम आडवी फिरवून १०० ग्रॅम लटकव; बूमच्या विरुद्ध बाजूचा पाय उचलला गेला, तर पाय एकेक भोक बाहेर घे.

वर्म बसवलास की चौकटीचा फोटो पाठव, बाजूने काढलेला.

तुझा,
सुधीर