रिक्षा स्टँडच्या सभासदांसाठी सूचना : मुतखडा आणि पाणी

सभासद बंधूंनो, ऊन वाढलंय. घामातून पाणी जातं, लघवी दाट होते आणि तिच्यातले क्षार साठून खडा धरतो. जवळ मुतारी नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणारे आपल्यात बरेच आहेत. कृपया असं करू नका, लघवीही दाबून ठेवू नका. सीटजवळ लिटरची बाटली ठेवा, दिवसात तीनदा तरी रिकामी व्हावी. लघवी फिकट पिवळी दिसली म्हणजे पाणी पुरतंय. लिंबू पिळलेलं पाणी उत्तम, त्यात मीठ-साखर नको. वडापावसोबतची मिठात घोळलेली मिरचीही आवरा. दूध-दही मात्र सोडू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्सलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या अन्नातल्या घटकाला, आतड्यातच धरून ठेवतं, त्यामुळे तो लघवीत कमी उतरतो. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं. कळेसोबत थंडी-ताप आला किंवा लघवी अडली तर भाडं सोडून तडक दवाखाना गाठा.