आयटीआयचा फॉर्म भरण्यापूर्वी

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा रात्रपाळीवरून आल्यावर वाचले आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचले. पोलीस भरतीच्या तयारीत तीन वर्षे घालवल्यानंतर आता वेल्डिंग शिकायचे असे तू ठरवलेस, काकांनी त्याला मनापासून होकार दिला आणि कापसाच्या पैशातून चाळीस हजार रुपये तुझ्या शिक्षणासाठी बाजूला काढून ठेवले, हे वाचून फार बरे वाटले. काळजी वाटली ती त्या चाळीस हजारांची. सहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी बैलजोडी विकून दिलेले पैसे मी चुकीच्या दारात नेऊन भरले होते. ती हकिकत मी तुला कधी पुरती सांगितली नाही, कारण सांगायची लाज वाटत होती. आता तुझ्यासमोर आयटीआय, झटपट वेल्डर करणारी खासगी संस्था आणि माजलगावचे दुकान असे तीन पर्याय आहेत आणि त्यातली खासगी संस्था मी भोगलेली आहे, म्हणून ती सांगितलीच पाहिजे.

मी ज्या खासगी संस्थेत गेलो तिच्या फलकावर ‘पंचेचाळीस दिवसांत वेल्डर, नोकरीची हमी’ असे लिहिलेले होते. आम्ही सव्वीस मुले होतो. मशीन तीन होती, पण त्यांतले एक कायम बंद असे. सकाळी वहीत उतरवून घ्यायचे आणि दुपारी रांगेत उभे राहायचे. आपली पाळी आली की पाच-सहा रॉड, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या सळया, जाळायला मिळत, तेही टेबलावर आडव्या ठेवलेल्या पट्टीवर. शेवटच्या दिवशी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन मी येथल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात गेलो, तेव्हा तेथील सुपरवायझरने ते उघडूनसुद्धा पाहिले नाही. त्यांनी दहा मिलीमीटर जाडीच्या दोन पट्ट्या उभ्या बांधून दिल्या आणि ‘थ्री-जी मारून दाखव’ एवढेच म्हणाले. थ्री-जी म्हणजे उभा जोड, खालून वर चढत जाणारा, हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हते. वितळलेले लोखंड माझ्या बुटांवर ठिबकत राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी माझ्या हातातला रॉड धरायचा होल्डर घेतला आणि मला पाणी दिले. माणूस भला होता. ‘आधी शीक, मग ये,’ असे म्हणून त्यांनीच मला शासकीय आयटीआयचा रस्ता दाखवला.

आता तू माझ्याबरोबर एक साधे त्रैराशिक मांडून पाहा. पंचेचाळीस दिवस रोज सहा तास प्रात्यक्षिक झाले असे धरले तरी २७० तास होतात. दोन चालू मशीनमध्ये सव्वीस मुले वाटली, तर एका मुलाच्या वाट्याला एकवीस तासांहूनही कमी वेळ येतो. आयटीआयचा वेल्डर हा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, एक वर्षाचा आहे. त्याचे तास १२०० असून त्यांतले ८४० प्रात्यक्षिकाचे आहेत. समज, एखाद्या आयटीआयची अवस्था इतकी वाईट आहे की वीस मुलांत चारच मशीन चालतात, तरीही एकेकाच्या वाट्याला १६८ तास येतात. दहा मशीन चालत असतील तर ४२०. कोणत्याही संस्थेत पाऊल टाकलेस की हेच त्रैराशिक मनात मांड. चालू मशीन किती आणि मुले किती हे दोन आकडे जी संस्था सरळ सांगत नाही, तेथे पैसे भरू नकोस.

तासांचा एवढा आग्रह का धरतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. आयटीआयमध्ये चौथ्या महिन्यात मी एक जोड असा मारला होता की वर्गातील मुले पाहायला आली. लाट एकसारखी होती, कडेला अंडरकट, म्हणजे खाच, नव्हती, जोडावर जमणारा स्लॅगचा कडक थर चिपिंग हॅमरच्या एका ठोक्यात सुटला होता. निदेशक सरांनी काहीही न बोलता त्यातून बोटभर रुंदीची पट्टी कापून घेतली, तिच्या कडा ग्राइंडरवर घासल्या आणि मुळाची, म्हणजे जोडाच्या तळाची, बाजू बाहेर राहील अशा बेताने ती प्रेसमध्ये वाकवली. अर्धी वाकली तोच ती उघडली. आत, अगदी मुळाशी, शिवणीच्या दोऱ्याएवढी काळी रेघ होती. पहिल्या थराचा स्लॅग मी नीट साफ केला नव्हता आणि दुसरा थर त्याच्यावरूनच चढवला होता. सरांनी ती पट्टी माझ्या हातात दिली. ती अजून गरम होती. आज हे पत्र लिहितानाही ती माझ्यासमोर खिडकीत ठेवलेली आहे. वरून इतका देखणा जोड आतून रिकामा असू शकतो, हे मला कोणत्याही पुस्तकातून इतके पटले नसते. त्यानंतर मुळाचा रन, म्हणजे तळाचा पहिला थर, बरोबर बसू लागेपर्यंत मी किती पट्ट्या खराब केल्या असतील याची मोजदाद नाही, आणि तेवढ्या खराब करू देणारी जागा मला मिळाली म्हणूनच आज माझे घर चालते.

तेव्हा फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरण्यापूर्वी तुझ्या यादीतील प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्यक्ष जाऊन ये, आणि कार्यालयात न बसता वेल्डिंगच्या शॉपमध्ये जाऊन उभा राहा. सर्वप्रथम भंगाराचा ढीग पाहा. त्यात कापलेल्या, वाकवलेल्या, फुटलेल्या पट्ट्या दिसल्या तर तेथे खरोखर शिकवतात असे समज. कपाटात रंग दिलेले चार नमुने आणि कोपरा झाडून स्वच्छ, असे असेल तर मुलांना लोखंड मिळत नाही. त्यानंतर रॉड कोठे ठेवले आहेत ते पाहा. मृग लागल्यापासून हवेत ओल आहे, आणि ७०१८ सारखा लो-हायड्रोजन रॉड ओल धरतो. ती ओल जोडात हायड्रोजन सोडते आणि लोखंड थंड झाल्यानंतर आतून तडा जातो. म्हणून असे रॉड ओव्हनमध्ये तापवून वापरायचे असतात. ओव्हन चालू असेल तर शिकवणारा माणूस जाणता आहे. उघडी पाकिटे जमिनीवर पडलेली असतील, तर बाकी काही विचारण्याची गरज नाही. वीज किती वेळ असते आणि गेल्यावर काय करतात हेही विचार, कारण आपल्या तालुक्याच्या गावांत दुपारचा वेळ कसा जातो ते तुला माहीत आहे. आणि शक्य झाले तर निदेशकांना एखादा रन मारून दाखवण्याची विनंती कर. आमचे सर रोज सकाळी पहिला रॉड स्वतः जाळीत आणि आम्हाला डोळे मिटून ऐकायला लावीत. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, योग्य अंतरावर असेल तर पत्र्यावर संततधार पडावी तसा सलग आवाज येतो आणि लांबली की तो फाटतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

कागदपत्रांचे फार अवघड नाही. या ट्रेडला आठवी उत्तीर्ण पुरते, तू तर बारावी आहेस. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो आणि शासकीय आयटीआयची फी खासगीच्या मानाने फारच थोडी असते. खासगी आयटीआय घ्यावीच लागली, तर मान्यता संस्थेच्या नावावर पाहू नकोस. ती ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय असते, म्हणून वेल्डर ट्रेडच्या त्या तुकडीला आहे का हे तपास.

तू चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमबद्दल विचारले आहेस. संस्था उत्तम आहे, परंतु तिचा लौकिक टूल आणि डाय बनवण्याच्या शिक्षणासाठी आहे, आणि तुझी वाट वेगळी आहे.

तिसरा पर्याय म्हणजे माजलगावच्या मोंढ्याजवळचे ते दुकान, जेथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेट बनवतात आणि मालक तुला हेल्पर म्हणून ठेवायला तयार आहे. त्या पर्यायाला काका नाक मुरडतात असे तू लिहिलेस, पण मी मुरडणार नाही. मापाने कापणे, काटकोन धरणे, टाके मारून चौकट न वाकवता उभी करणे, गिऱ्हाइकाशी बोलणे हे तेथे जितके चांगले शिकायला मिळते तितके वर्गात मिळत नाही. मात्र तेथे जोड तपासणारा कोणी नसतो, आणि हाताला एकदा लागलेली खोड नंतर मोडता येत नाही. म्हणून माझे मत असे की प्रवेश आयटीआयलाच घ्यावा आणि सुट्टीच्या दिवशी त्या दुकानात जावे. वर्ष संपल्यावर अखिल भारतीय व्यवसाय चाचणी उत्तीर्ण झालास की शिकाऊ उमेदवारी अवश्य कर. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे त्या काळात विद्यावेतन मिळते आणि कारखान्याची शिस्त अंगवळणी पडते. राहायला माझी खोली आहेच.

पुढे काम कोठे मिळेल ही काकूंची शंका अगदी रास्त आहे. येथे वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी लहान-मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्याकडे रॉडपेक्षा सीओटू वेल्डिंग, म्हणजे वायूच्या आवरणात सलग तारेने केलेले वेल्डिंग, जास्त चालते, म्हणून आयटीआयमध्ये ते मशीन केवळ शोभेचे आहे की चालू आहे हे पाहून ठेव. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला आहे. जालन्यात सळईच्या मिल आहेत आणि मिल म्हटली की दुरुस्ती आलीच. पण तुझ्या दृष्टीने मला सर्वांत जवळचे वाटतात ते साखर कारखाने. आपण लहानपणापासून उसाच्या बैलगाड्या रस्त्याने जाताना पाहिल्या, पण कारखान्याच्या आत वेल्डर किती लागतो हे आपल्याला कोठे ठाऊक होते? गाळप बंद झाल्यापासून पुढच्या हंगामापर्यंत टाक्या, पाइप, ऊस वाहून नेणारे कॅरियर यांची दुरुस्ती चालते, आणि हंगामात तर फिरत्या रोलरच्या दातांवर वेल्डर आर्क मारून खडबडीतपणा आणत असतो, जेणेकरून रोलर ऊस धरेल. बॉयलरच्या दाब सोसणाऱ्या भागांना मात्र बॉयलरच्या नियमांनुसार परीक्षा दिलेलाच वेल्डर हात लावू शकतो. त्या परीक्षेपर्यंत पोहोचायचे हे आजच मनात धर. पाइप ४५ अंशांत तिरपा बांधून, न फिरवता, सभोवार जोड मारायचा त्या बैठकीला सिक्स-जी म्हणतात. तो ज्याला साधला त्याला काम शोधत फिरावे लागत नाही. टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने केले जाणारे नाजूक वेल्डिंग, शिकण्याची घाई मात्र करू नकोस. आधी रॉडवर हात बसू दे.

एक गोष्ट काकूंच्या कानावर घालू नकोस, पण तू नीट लक्षात ठेव. त्या पहिल्या संस्थेत मला तडा गेलेल्या काचेचे हेल्मेट दिले होते. काम करताना काहीच जाणवले नाही. रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखी आग होऊन मी उठलो आणि उजाडेपर्यंत डोळे उघडता आले नाहीत. खोलीतील मुलांनी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. त्याने गार वाटले, इतकेच. शेजारच्याची आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिली तरी हेच होते. काच दहा किंवा अकरा नंबरची, स्वतःची, स्वतःच्या पैशाने घे. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट असावा, टेरिलीनचा कधीही नको, ठिणगी पडताच तो कातडीला चिकटतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर बंद जागेत काम करू नकोस. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ला, दूध प्यायले की धूर उतरतो असे येथे सगळेच सांगतात. गूळ खुशाल खा, पण पंखा आणि उघडी खिडकी असलेली जागा माग. एवढे मागितल्याबद्दल जो रागावतो त्याच्याकडे काम करू नये.

चाळीस हजारांचे म्हणशील, तर त्यातले तीन-चार हजार काच, हातमोजे, चामडी एप्रन आणि चांगले बूट यांवर खर्च कर आणि उरलेले काकांना परत दे. या वर्षी पेरणी वेळेवर होईल असे दिसते, त्यांना ते लागतील.

पसंतीक्रम भरण्याआधी एका शनिवारी रात्रीच्या एसटीने इकडे ये. रविवारी आमच्या मालकांच्या परवानगीने शॉप उघडे ठेवता येते. मी दोन पाकिटे ६०१३ चे रॉड आणि कापलेल्या पट्ट्या तयार ठेवतो. दिवसभर जाळ, रॉड चिकटू दे, हात थरथरू दे, आणि संध्याकाळी हे काम तुला रोज करावेसे वाटते का ते मला सांग. तुझे उत्तर ‘नाही’ आले, तरी आपण दोघे बसून दुसरे काही शोधू. येताना सुती शर्ट आण आणि काकूंच्या हातचा शेंगदाण्याचा ठेचा विसरू नकोस.

काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
वाळूजचा मित्र