‘निवडलेले मऊ शिसे’ म्हणून आलेल्या पोत्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 20 किलो भंगार शिशात जस्त, बॅटरीचे तुकडे आणि पाणी भरलेला नळ निघाल्याबाबत

महोदय,

मी गेली नऊ वर्षे गळाची वजने आणि पागाची, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याची, शिसे घरीच ओततो. तुमच्याकडून घेतलेल्या 20 किलोच्या पोत्यावर ‘भंगार शिसे, मऊ, निवडलेले, स्वच्छ’ असे छापलेले आहे. या चार शब्दांपैकी ‘भंगार’ एवढाच खरा निघाला. फोनवर तुमच्या प्रतिनिधीने ‘भंगार म्हटल्यावर थोडेफार मिश्रण यायचेच’ असे सांगून पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. ते उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

पोत्यात सुटे तुकडे साधारण बारा किलो आणि चार लाद्या, म्हणजे भंगार वितळवून ओतलेले ठोकळे, होत्या. सुटे तुकडे मी नेहमीप्रमाणे जमिनीवर पसरून एकेक करून तपासले. चाकांच्या बॅलन्सिंगच्या वजनांवर नखाने ओरखडा काढला, मग प्रत्येक वजन फरशीवर टाकून आवाज ऐकला. शिसे धप्प करून पडते, जस्त खणकते. सतरा वजने खणकली आणि त्यातल्या अकरांवर ‘झेडएन’ ही जस्ताची खूण असलेली अक्षरे चक्क उठून दिसत होती. ज्याने हा माल ‘निवडला’ त्याने ती अक्षरे वाचलीसुद्धा नाहीत.

खरे नुकसान लाद्यांनी केले. सुट्या तुकड्याला स्वतःची ओळख असते : हा नळ, ही छपराची पट्टी, हे पाणबुड्याच्या पट्ट्याचे वजन, ही जुन्या केबलची साल. लादी झाली की ती ओळख पुसली जाते. मग घेणाऱ्याच्या हाती विकणाऱ्याच्या शब्दाशिवाय काही उरत नाही. मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून एक लादी भांड्यात टाकली. भांड्यात आधीच माझे स्वतःचे सहा किलो शिसे वितळलेले होते. ते मी दोन वर्षांत थोडे थोडे करून जमवले होते, सगळे जुन्या नळांचे आणि पाणबुड्याच्या वजनांचे, नखाने सहज ओरखडणारे.

थर्मामीटर 360 अंश सेल्सियस दाखवत होता. शिसे 327 अंशांना वितळते, त्यामुळे एरवी या तापमानाला ते आरशासारखे चकचकीत आणि पाण्यासारखे पातळ असते. लादी विरघळली आणि दोन-तीन मिनिटांत पृष्ठभागावर करडी, दाणेदार साय धरू लागली. मी ती पळीने काढली, तर खाली पुन्हा तीच. मळ वेगळा व्हावा म्हणून मेण टाकून ढवळले, वर आलेली मळी काढली, पुन्हा काढली, पण साय थांबेना. शेवटी जे उरले ते पळीच्या तोंडातून धार धरून पडतच नव्हते, शिजून घट्ट झालेल्या पेजेसारखे ठोकळ्याठोकळ्यांनी पडत होते. साचा नीट तापवलेला होता, तरी आठ वजनांपैकी एकही पूर्ण भरले नाही. कुठे टोक गोल राहिले, कुठे अंगावर सुरकुत्या पडल्या, आणि दोऱ्याच्या कडीभोवती तर शिसे पोचलेच नाही. दुधात मिठाचा खडा पडावा तसे माझे सहा किलो नासले. जस्त एकदा शिशात मुरले की ते घरच्या भांड्यात पुन्हा वेगळे काढता येत नाही.

यावर तुमच्या प्रतिनिधीचा सल्ला होता, ‘आच वाढवून बघा.’ हा सल्ला तुम्ही यापुढे कोणालाही देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जस्त साधारण 420 अंशांना वितळते. म्हणूनच आम्ही आच मुद्दाम खाली ठेवतो, म्हणजे नजरेतून सुटलेला जस्ताचा तुकडा न वितळता वर तरंगतो आणि उचलून काढता येतो. जस्ताची घनता शिशापेक्षा बरीच कमी, घन सेंटीमीटरला शिशाची 11.34 ग्रॅम तर जस्ताची 7.14 ग्रॅम. आच वाढवली की तोच तुकडा वितळून सगळ्या भांड्याची माती करतो. शिवाय शिसे जितके जास्त तापवावे तितका त्याचा धूर वाढतो, आणि तो धूर मास्क लावून मोकळ्यावर काम करणाऱ्यालाही नको असतो.

आता ज्यामुळे मी पत्र लिहायचे नक्की केले ती गोष्ट. सुट्या मालात वीतभर लांबीचा नळाचा एक तुकडा होता, दोन्ही टोके हातोडीने चेपून बंद केलेली. तो कानाशी हलवला तर काही कळले नाही. तरी बंद टोकांचा नळ मी कधीच तसाच भांड्यात टाकत नाही, म्हणून करवतीने मधोमध कापला. आतून काळपट पाणी गळून फरशीवर छोटे थारोळे झाले. धाकटा भाऊ शेजारी उभा होता, तो ते पाहून गप्पच झाला. हा तुकडा वितळलेल्या शिशात गेला असता तर त्या पाण्याची क्षणात वाफ झाली असती. पाण्याची वाफ झाली की आकार सोळाशे पटींहून अधिक वाढतो. भांड्यातले शिसे आमच्या तोंडावर, हातांवर उडाले असते. तोंडावर जाळी आणि हातात चामड्याचे मोजे असले तरी अशा वेळी ते पुरत नाहीत. नवख्या माणसाला हा तुकडा कापून बघायचे सुचले असते का? ‘स्वच्छ’ हा शब्द वाचून त्याने तो सरळ टाकला असता.

बॅटरीचे तुकडेही होते. पांढरट पूड चिकटलेल्या पट्ट्या, एकूण दीडेक किलो. त्यांत आम्लाचे अवशेष असतात आणि आर्सेनिक आणि शिशाला कडक करणारी अँटिमनी यांचे अंश असू शकतात. अशा पट्ट्यांच्या मळीला ओल लागली तर विषारी वायू सुटू शकतात. घरी ओतकाम करणाऱ्याने बॅटरीला हात लावायचा नाही, ही आमच्यात पहिल्या दिवशी शिकवली जाणारी गोष्ट आहे. तुम्ही ती पोत्यात भरून घरपोच पाठवली.

मऊ शिशाबद्दल मी एवढा आग्रह का धरतो, तेही सांगतो. तळाला टेकणाऱ्या वजनासाठी अँटिमनीचे कडक शिसे चालून जाते. पागाच्या कडेला लावायचे शिसे मात्र पकडीने दोरीवर चेपावे लागते. ते मऊ असले तर दोरीला धरून बसते. कडक असले तर चिरते, किंवा त्याची धार दोरी कापते आणि पाग पाण्यात एका बाजूने उघडतच नाही. म्हणून ‘मऊ’ हा शब्द वाचूनच मी तुमचा माल घेतला होता.

तपासणी महाग किंवा अवघड आहे असेही नाही. नख, फरशीवरचा आवाज, आणि शंका आली तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब : जस्तावर लगेच बुडबुडे येतात, शिशावर तसे होत नाही. मी एकट्याने बारा किलो माल एका दुपारी तपासला. भंगाराला कोणी नवे समजत नाही, पण भंगार शिशाची सगळी किंमत ते कुठून आले हे माहीत असण्यात आहे.

माझ्या मागण्या अशा. पोत्याची पूर्ण रक्कम परत करावी, सवलतीचे कूपन नको. माझे नासलेले सहा किलो मऊ शिसे तितक्याच वजनाच्या खात्रीच्या शिशाने भरून द्यावे, तेही लादी न करता, मूळ तुकड्यांच्या रूपात. याच खेपेतील पोती ज्यांना गेली त्या प्रत्येक ग्राहकाला बंद नळ आणि बॅटरीच्या पट्ट्यांबद्दल लगेच कळवावे. ही मागणी माझ्या पैशांपेक्षा आधी पूर्ण करा. आणि यापुढे लाद्या विकायच्या असतील तर त्या कशापासून केल्या हे पोत्यावर लिहावे.

कापलेला नळ, खणकणारी वजने, उरलेल्या तीन लाद्या आणि बॅटरीच्या पट्ट्या मी वेगवेगळ्या डब्यांत बंद करून ठेवल्या आहेत. नासलेल्या धातूच्या डब्यावर खडूने मोठ्या अक्षरांत ‘जस्त’ लिहिले आहे, म्हणजे चुकून दुसऱ्या भांड्यात जायला नको. पावती आणि सगळ्यांची छायाचित्रे पत्रासोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत तुमचा माणूस पाठवून हा माल परत न्यावा. न्यायला येणाऱ्याला हातमोजे घालून यायला सांगा.

आपला,
एक ग्राहक