‘बोगनवेल’ला अशुद्ध म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील बागकामाच्या लेखात ‘बोगनवेल’ हा अशुद्ध शब्द असून ‘बुगनव्हिलिया’ असेच म्हणावे, अशी सूचना वाचली. ती पटली नाही, म्हणून हे पत्र.

लुई आन्त्वान द बुगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या १७६६ ते १७६९ या काळातील पृथ्वीप्रदक्षिणेत फिलिबेर कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ साली रिओ द जानेरो येथे त्याच्या हाती ही वनस्पती आली आणि तिला मोहिमेच्या प्रमुखाचे नाव मिळाले. कॉमर्सनची मदतनीस झान बारे हिने पुरुषवेशात हा प्रवास केला व पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिची नोंद झाली. तिच्या नावाची वनस्पती मात्र २०१२ साली जाहीर झाली, तीही वांग्या-बटाट्याच्या गोतातली! शुद्धतेचेच म्हणाल, तर १७८९ साली ज्युस्यू या शास्त्रज्ञाने बोगनवेलीचे नाव ग्रंथात छापले तेव्हा त्यानेही बुगँव्हिलच्या आडनावाचे स्पेलिंग चुकवले होते, आणि आजचे रूप सर्वमान्य व्हायला विसावे शतक उजाडले.

मराठीने तर चूक न करता अर्थ भरला आहे. फ्रेंचमध्ये ‘व्हिल’ म्हणजे नगर. आपण ते नगर काढून तिथे ‘वेल’ लावली. वेणुग्राम म्हणजे वेळूचे गाव, त्याचे बेळगाव झाले, ते आपण अशुद्ध मानतो का? आमच्या शेजारच्या कन्नड भाषिक काकू बोगनवेलीला ‘कागदद हूवु’, म्हणजे कागदाचे फूल, म्हणतात, तेही चपखल आहे, कारण आपण ज्यांना फुले समजतो ती कागदासारखी पातळ, रंगीत छदे (फुलाभोवतीची पाने) असतात आणि खरी फुले त्यांच्या आत इवलीशी, पांढरट, नळीसारखी असतात. एक मान्य करतो की ही वेल आधाराला विळखा घालत नाही, काट्यांच्या साहाय्याने वर चढते. पण टिळकवाडीतल्या कुंपणांवरून ती रस्त्यावर झुकलेली पाहणाऱ्याला तिला वेल म्हणण्यावाचून गत्यंतर नसते.

तेव्हा शास्त्रीय नाव लेखात एकदा जरूर द्यावे, परंतु मथळ्यात व मजकुरात ‘बोगनवेल’च छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, टिळकवाडी, बेळगाव